टाच

झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर
मी दुसऱ्यांच्या आजारांच्या प्रती काढते.
केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, रेशनकार्ड पाठपोट.
रात्री साडेनऊला मालक शटर अर्धं ओढतात,
म्हणतात, बस तासभर, पण एसी लावायचा नाही.

तेव्हा मी पेन टूल उचलते.
नावाचं पेन, त्यानं लिहिता येत नाही.
एक ठिपका ठेवायचा, दुसरा ठेवताना
बोट न सोडता ओढायचं,
की ठिपक्याला कोळंबीसारख्या दोन मिशा फुटतात
आणि मधली रेघ भलतीकडेच पळते.
पहिल्या आठवड्यात सफरचंद काढलं, बटाटा झाला.
दुसऱ्या आठवड्यात
बटाटाही जमेना.

लोगो हवा होता विश्राम घाडींना.
परळला, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत,
'घाडी कृत्रिम अवयव केंद्र'.
केंद्र म्हणजे दहा बाय बारा, प्लास्टरची पोती,
भिंतीवर टांगलेले पाय,
एकाचीही जोडी नाही.
म्हणाले, आपलंपण एक चिन्ह असावं. पैसे फार नाहीत.
म्हटलं, काका, मला येतपण फार नाही.

मी पाऊल काढलं. एकेचाळीस ठिपके लागले.
लांबून पाऊल,
जवळून कडा कुरतडलेली भाकरी.
घाडींनी चष्मा कपाळावर चढवला,
पांढरा अंगठा स्क्रीनवर टेकवला:
"या टाचेवर उभं कोण राहील?"

दुसऱ्या दिवशी एक साचा हातात दिला.
डोळे मीट. अंगठा फिरव. वळतंय कुठे ते सांग.
घोट्याखालून उतरले, टाचेला वळसा,
तळव्याच्या कमानीतून चवड्यापर्यंत.
वळत होतं मोजून पाच-सहा ठिकाणी.
बाकी नुसतं पुढं जाणं.

त्या रात्री ठिपके पुसत बसले.
एक पुसला की रेघ दचकायची,
मग अंग सैल सोडायची.
नऊ उरले तेव्हा
टाच टाचेसारखी टेकली.

मग नाव लिहिलं, तर 'कृत्रिम' मोडलं.
वेलांटी नको त्या अक्षरावर,
ऋकार एकटाच लोंबतोय,
आणि त्याच्या डोक्यावर ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ.
अक्षर हरवलं की सॉफ्टवेअर तिथे असं वर्तुळ ठेवतं,
चिन्हाला धरायला काहीतरी असावं म्हणून.
घाडी त्याच्याकडेच बघत राहिले.
"हे राहू दे की."
काका, ही चूक आहे.
"ते दिसतंय मला."

फाइल द्यायच्या आधी त्यांना मोठं करून दाखवलं:
शिक्क्याएवढं, पाटीएवढं, पुलावरच्या होर्डिंगएवढं.
"फाटत नाही?"
नाही. कितीही ओढा. आत चित्र नसतंच,
नुसता हिशेब असतो, इथून इतकं वळ.

ते गप्प झाले.
कुर्ल्याहून झोया येते त्यांच्याकडे,
दर जूनला, शाळा उघडायच्या आत.
सहाव्या वर्षी पहिला पाय, आता अकरावं.
आखूड पडलेले पाच
खुंटीवर ओळीनं, लहान-मोठे.
घाडींनी हवेतच एक कोपरा चिमटीत धरला,
तिरका ओढला, माझ्यासारखा,
आणि हात पँटला पुसला.

गुरुवारी पाटी लागली.
फ्लेक्सवाल्यानं माझा निळा जांभळा केला.
ठिपक्यांच्या वर्तुळात एक पाऊल,
नऊ ठिपक्यांचं, ते कुणाला दिसत नाहीत.
येणारे विचारतात, हे रिंगण कसलं?
घाडी सांगतात, पोरीला विचारा.

आठशे रुपये दिले, शंभर मागाहून,
आणि तो साचा.
पंख्यानं केस पेपर उडतात, त्यांवर ठेवते.
आडवा ठेवला की गडगडतो.
टाच खाली करून ठेवला की
राहतो.